गळक्या ब्रेकचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजेरजवाडे, लढाया आणि तहनामे हेंच आपल्या डोळ्यांसमोर उभें राहतें. आमच्या परभणीच्या मुलुखापुरतें बोलावयाचें तरी यादवांपासून निजामापर्यंत सांगण्यासारखें पुष्कळ आहे, आणि खेड्यांतल्या शाळांतून अडतीस वर्षें मीं मुलांना तेंच सांगितलें. आज मात्र ज्या इतिहासाविषयीं मी बोलणार आहें, तो मालमोटारीच्या पोटाखालीं, ग्रीस आणि काळी माती यांच्या राडीमध्यें दडलेला आहे. जुन्या मालमोटारीच्या ब्रेकमधलें तेल गळूं लागतें तें कोठून, तें शोधावें कसें आणि थांबवावें कसें, एवढाच आजचा विषय. तो कोणास क्षुद्र वाटल्यास माझी तक्रार नाहीं. परंतु कापसानें भरलेली गाडी उतारावर ब्रेकविना धांवत असतां जो तिच्यांत बसलेला होता, त्याला तो तसा वाटत नाहीं. तो प्रसंग पुढें यथाक्रम येईलच.

आमच्या जिल्ह्याला आगगाडी विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं मिळाली. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा मीटरगेजचा मार्ग सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा गेला आणि त्याच्या आश्रयानें कापसाचे बाजार व जिनिंगचे कारखाने वाढले. जिंतूर आणि पाथरी या गांवांना मात्र रूळ लाभले नाहींत. तिकडचा माल बैलगाडीनें स्टेशनावर यावयाचा; पुढें बैलगाडीची जागा हळूहळू मोटारीनें घेतली. १९३२ सालीं निजामाच्या रेल्वेनेंच रस्त्यावरील वाहतुकीची एक शाखा काढली, तेव्हां तिच्यापाशीं अवघ्या २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. ती झाली उतारूंची सोय. माझ्या लहानपणीं आमच्या भागांत माल वाहणारे जे गाडीवाले मीं पाहिले, ते बहुधा एकाच गाडीचे धनी असत. मालक तोच, ड्रायव्हर तोच, आणि वाटेंत बिघाड झाला तर निम्मा मिस्त्रीहि तोच.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. परभणीच्या मालधक्क्यावर मालमोटार आणि आगगाडी शेजारींशेजारीं उभ्या राहत, परंतु दोघींच्या ब्रेकची वृत्ति एकमेकींच्या अगदीं उलट होती. अमेरिकेंतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस यानें १८६९ सालीं आगगाडीसाठीं हवेचा ब्रेक काढला. त्याच्या पहिल्या रचनेंत नळी फुटली कीं ब्रेक नाहींसा होई. हा दोष ओळखून १८७२ च्या सुमारास त्यानें ती रचनाच उलटी केली: नळींत हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला, आणि दाब गेला कीं ब्रेक आपोआप लागलेला. हिंदुस्थानांतल्या आगगाड्यांना पुष्कळ वर्षें निर्वात ब्रेक असत. त्यांचेंहि तत्त्व हेंच. नळी गळली किंवा डबे तुटून मागें राहिले तर गाडी थांबते. मालमोटारीच्या तेलाच्या ब्रेकमध्यें सारें याच्या विपरीत. तेल गेलें कीं ब्रेक गेला, आणि गेला तोहि कोणास न सांगतां. आगगाडींतली गळती पहारेकऱ्यासारखी ओरडून उठते. मालमोटारींतली गळती मांजराच्या पावलानें येते. म्हणून तिला शोधण्याचें काम माणसाच्या डोळ्यांवर आणि बोटांवर येऊन पडलें.

मग असला ब्रेक मुळांत पत्करला कां, असा प्रश्न कोणीहि विचारील. पूर्वींच्या मोटारींत ब्रेक सळयांनीं नाहीं तर तारांनीं ओढीत. चार चाकांच्या चार सळया सारख्या ताणून ठेवणें हें महाकठीण काम. एक चाक आधीं अडके, दुसरें मागाहून, आणि गाडी रस्त्यांत आडवी होई. चारहि चाकांस एकाच क्षणीं, सारख्या प्रमाणांत जोर पोंचवील असें कांहीं तरी हवें होतें. तें तत्त्व फ्रान्समधील ब्लेझ पास्कल यानें सतराव्या शतकांतच मांडून ठेवलें होतें. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं छापला गेला. तत्त्व सांपडलें, पण यंत्र व्हावयास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. लंडनमधील जोसेफ ब्रामा या कुलुपें करणाऱ्या कारागिरानें १७९५ सालीं पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचें पेटंट घेतलें, आणि या इतिहासांतील पहिली गळती तेथेंच सुरू झाली. दट्ट्या आणि नळकांडें यांच्या फटींतून पाणी बाहेर येई. फट घट्ट आवळावी तर दट्ट्या हलेना, सैल ठेवावी तर पाणी राहीना. यावर जो तोडगा निघाला, त्याचें श्रेय पुष्कळ जण ब्रामाच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले यास देतात. त्या फटींत चामड्याचें एक कडें असें वळवून बसविलें कीं, पाण्याचा दाब जसजसा वाढे तसतसे त्याचे ओठ भिंतीवर अधिकच घट्ट दाबले जात. जो दाब पाणी बाहेर ढकलूं पाहतो, तोच दाब दार लावून घेतो.

मला ही युक्ति फार सुंदर वाटते, आणि आजहि मोटारीच्या ब्रेकमधील रबराची लहानशी वाटी हेंच काम करते. परंतु या युक्तीची दुसरी बाजू मिस्त्रीखेरीज फारसें कोणी सांगत नाहीं. दाब मोठा असतां वाटी घट्ट बसते. दाब नसतां ती नुसती टेकलेली असते. म्हणून रबर झिजलें कीं जोरानें पाय मारल्यावर ब्रेक उत्तम लागतो, मालक निश्चिंत होतो, आणि रात्रीं गाडी उभी असतां थेंब थेंब तेल पाझरत राहतें.

तेलाचा ब्रेक मोटारीस लावण्याचें मोठें श्रेय माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाकडे जातें. विमानें बांधणाऱ्या बंधूंपैकीं हा एक. त्याचें पेटंट १९१७ सालचें. १९२१ सालीं फ्रान्समधील ल मां येथील ग्रां प्री शर्यत ड्यूसेनबर्ग गाडीनें जिंकली तेव्हां तिला हे ब्रेक होते, आणि त्याच कंपनीनें ते आपल्या विक्रीच्या गाडीच्या चारहि चाकांस बसविले. गाडी महाग, गिऱ्हाईक थोडें. शिवाय चामड्याच्या वाट्या वाळत, आकसत आणि गळत. १९२४ सालीं क्रायस्लरची गाडी निघाली, तेव्हां तिच्या इंजिनियरांनीं चामड्याऐवजीं रबर घातलें. तेथून हा ब्रेक सर्वसाधारण माणसाच्या गाडींत आला. हेन्री फोर्ड यांनीं मात्र १९३९ पर्यंत सळया आणि तारा सोडल्या नाहींत. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच आहे, अशी त्यांची कंपनी जाहिरात करी. यास पुष्कळ जण म्हातारपणचा हट्ट म्हणतात. मला तसें म्हणवत नाहीं. सळई वांकली तर दिसते, तुटली तर वाजते; तेलास आवाज नाहीं.

आपल्याकडे याचा संबंध सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्याशीं पोंचतो. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि क्रायस्लरच्या सहकार्यानें कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून गाड्या बाहेर पडूं लागल्या. डॉज, फार्गो हीं नांवें जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडीं अजून आहेत. परदेशांतून आलेल्या गाड्यांबरोबर तेलाचा ब्रेक त्यापूर्वींहि येत होताच. आतां तो घरचा झाला.

शाळामास्तराची संवय म्हणून येथें थोडें गणित सांगतों. आंकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावे. ड्रायव्हरनें पेडलवर २५ किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेनें तो पांचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १२५ किलो जोर येतो. दट्ट्याचें क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर धरलें तर तेलांतला दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो झाला. हाच दाब चाकांतील ८ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर जाऊन तेथें २०० किलोचा रेटा देतो. आतां दुसरें गणित. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या फार तर तीन सेंटिमीटर सरकतो. म्हणजे एका पायानें हलणारें तेल अवघें १५ घन सेंटिमीटर. एवढ्याशा तेलावर आठ दहा टनांची गाडी थांबावयाची. त्यांतलें चार दोन चमचे गळालें आणि त्याच्या जागीं हवा शिरली तर पेडल दाबून आपण केवळ हवा चेपतों. ती स्पंजासारखी दबते आणि चाकांपर्यंत जोर पोंचतच नाहीं. जुन्या गाड्यांत चारहि चाकें एकाच मास्टर सिलिंडरवर अवलंबून असत, त्यामुळें एका चाकाची गळती चौघांचा घात करी. दोन स्वतंत्र विभाग करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकांत रूढ होऊं लागली; अमेरिकेंत नव्या मोटारींना १९६८ पासून ती कायद्यानें लागू झाली. आणि आजच्या मोठ्या मालमोटारींना तर हवेचे ब्रेक असतात, ज्यांतील जबर स्प्रिंगा हवा निघून गेली कीं आपण होऊन चाकें धरतात. वेस्टिंगहाऊसनें रुळांवर जें केलें तें रस्त्यावर उतरण्यास इतका काळ लागला.

तेलाविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण माझ्या गोष्टीचा सारा अनर्थ त्यांतच आहे. ब्रेकचें तेल हें इंजिनाच्या तेलासारखें तेल नव्हे. आरंभीं तें एरंडेल आणि अल्कोहोल यांचें मिश्रण असे. जो एरंड निजामाच्या राज्यांत, विशेषतः तेलंगणांत, मुबलक पिके, तोच मोटारीच्या ब्रेकला कामीं येई. त्याचें कारण असें कीं खनिज तेल लागलें असतां रबर फुगतें आणि मऊ पडतें, एरंडेलानें तसें होत नाहीं. पुढें एरंडेलाची जागा ग्लायकोल जातीच्या द्रवांनीं घेतली. आज डब्यावर डॉट ३, डॉट ४ असें लिहिलेलें असतें तें हेंच. त्यांचा दोष असा कीं ते हवेंतील ओल ओढून घेतात. डॉट ३ नवा असतां २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल पुरेशी शिरल्यावर १४० अंशांवरच उकळूं शकतो, आणि घाटांत तापलेल्या ब्रेकमध्यें उकळलेला द्रव म्हणजे वाफ, म्हणजे पुन्हा तोच स्पंज. म्हणून उघडा राहिलेला जुना डबा वापरूं नये.

आतां माझी गोष्ट. १९७५ सालची दिवाळीची सुटी. मी चौदा वर्षांचा होतों. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ पासून चालू झाली होती, आणि माझे मामा आपल्या जुन्या मालमोटारींतून खेड्यापाड्यांचा कापूस खरेदी केंद्रावर आणीत. गाडी कोणत्या कंपनीची हें सांगण्याचें कारण नाहीं. दोष गाडीचा नव्हताच. ड्रायव्हरच्या पायांखालची फळी उचलली कीं मास्टर सिलिंडरचें झांकण दिसे, आणि आठ पंधरा दिवसांनीं त्यांत थोडें तेल घालणें हें सुटींत माझें काम असे. तेल कमी कां होतें, हें कोणी विचारलें नाहीं. "जुनी गाडी आहे, थोडें पिणारच," असें मामा म्हणत. मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या बाजूस, टायरवर, ओलसर काळा पट्टा मीं पाहिला होता. काडीनें तो खरवडलाहि होता. ओढ्याचें पाणी असेल असें मला वाटलें. खालीं जमिनीवर मात्र कधीं एक थेंब पडलेला दिसला नाहीं.

एके दिवशीं बाटली रिकामी निघाली. मामा वजन करावयास गेले होते. सीटमागें इंजिनच्या तेलाचा डबा होता. तेल तें तेल, असा विचार करून मीं त्यांतलें पेलाभर ओतलें, झांकण लावलें आणि फळी बसविली. पेडल दाबून पाहिलें. तें घट्ट लागलें. मीं कोणासहि कांहीं सांगितलें नाहीं, कारण सांगण्यासारखें कांहीं झालें आहे हेंच मला कळलें नव्हतें.

पंधरा दिवसांनीं जिंतूरकडच्या एका उतारावर मामांनीं पाय मारला आणि पेडल फळीला जाऊन टेकलें. दोनदां, तीनदां मारलें, कांहीं नाहीं. त्यांनीं गिअर खालचा घातला, हँडब्रेक दोन्हीं हातांनीं ओढला, तरी मागचा भार गाडीला रेटीत होता. आमचा क्लीनर माझ्याहून चार वर्षांनीं मोठा असेल. चाकाखालीं टाकावयाचा लांकडी ठोकळा घेऊन त्यानें चालत्या गाडींतून उडी टाकली. मामांनीं गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगांत घातली आणि ती थांबली. क्लीनरचा पाय तेवढा ठोकळा आणि चाक यांच्यामध्यें सांपडला. हाड जुळलें, पण पाय सरळ कधीं झाला नाहीं.

गाडी ओढून परभणीस आणली. तेथें एका टिनपत्र्याच्या शेडमध्यें एक वयस्क उस्ताद होते. काम हैदराबादेस शिकलेले. त्यांनीं आधीं पाना हातीं घेतला नाहीं. झांकण उघडून आंत बोट बुडविलें, चोळलें, हुंगलें आणि विचारलें, "भाऊ, यांत इंजिनचें तेल कोणीं घातलें?"

"आम्ही तर नाहीं घातलें, उस्ताद," मामा म्हणाले, आणि तें त्यांच्यापुरतें खरें होतें.

उस्तादांनीं माझ्या तोंडाकडे पाहिलें. "बेटा, तूं वर सीटवर बस," ते म्हणाले. "मी सांगेन तेव्हां पाय दाब, मी सांगेन तेव्हां सोड." याखेरीज ते त्या विषयावर माझ्याशीं कांहीं बोलले नाहींत. मामांना मीं त्याच रात्रीं सांगितलें. क्लीनरला सांगण्यास मला बरीच वर्षें लागलीं.

शोध कसा घ्यावा हें मीं त्या दोन दिवसांत पाहिलें, आणि आजतागायत त्याहून चांगली रीत मला कोणी दाखविलेली नाहीं. आमच्या काळ्या मातीचा धुरळा या कामांत फार उपयोगी. कोरड्या नळीवर तो उडून जातो, ओल्या जागीं चिकटून डांबरासारखा लेप होतो. उस्तादांनीं प्रथम कांहींहि न पुसतां, बॅटरी घेऊन तसला लेप कोठें आहे तें पाहिलें. मग सांधे न् सांधे पुसून कोरडे केले आणि त्यांवर खडूची भुकटी लावली. मी वरून पाय दाबून धरीत असें आणि ते गाडीखालीं सरपटत मास्टर सिलिंडरपासून चाकाकडे जात. मास्टर सिलिंडरच्या मागचा रबरी टोप उलटून पाहावयाचा, कारण तेथली गळती टोपांतच सांठते. लोखंडी नळ्या जेथें पट्टीनें आवळलेल्या असतात तेथें पट्टी सोडवून पाहावयाचें, कारण गंज पट्टीखालीं धरतो. होज पाइप बोटांनीं वांकवून त्यास चिरा पडल्या आहेत काय, दाब आल्यावर त्याला फुगवटा येतो काय, हें पाहावयाचें. ओल सांपडली तरी ती ब्रेकच्या तेलाचीच असें लगेच धरूं नये. मागच्या चाकांत धुऱ्याकडून गिअरचें तेलहि येतें. आजच्या ग्लायकोलच्या तेलाची एक सोपी पारख आहे. थेंब पाण्यांत टाकावा. ब्रेकचें असल्यास मिसळून जातो, इंजिनचें किंवा गिअरचें असल्यास वर तरंगतो. मात्र ब्रेकचें तेल मोटारीच्या रंगावर सांडूं देऊं नये, रंग उचलून येतो.

नळ्या साऱ्या कोरड्या निघाल्या. मग चाकें उतरविलीं. मागच्या डाव्या ड्रममध्यें लायनर काळा, चिकट झालेला होता, आणि व्हील सिलिंडरचा टोप जरा उचलतांच आंतून तेल वाहूं लागलें. मूळ गळती ती. ड्रममधली धूळ आणि लायनर तें तेल पिऊन टाकीत. उरलेलें चाकाच्या फिरण्यानें टायरच्या आंतल्या अंगावर फेकलें जाई. जमिनीवर थेंब कां पडत नव्हता आणि मीं काडीनें खरवडलें तें काय होतें, याचा उलगडा मला तेथें झाला. पण उस्तादांनीं बाकीचीं तीन चाकें आणि मास्टर सिलिंडरहि उघडला. रबराच्या साऱ्या वाट्या भिजलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या होत्या. मास्टर सिलिंडरमधील वाटीचा ओठच उलटला होता. गळती एका चाकांत होती. माझ्या पेलाभर तेलानें ती पांच ठिकाणीं नेली.

दुरुस्तीचें शास्त्र थोडक्यांत सांगतां येईल. सर्व रबर नवें. होज पाइपहि नवे, कारण त्यांचें अस्तर रबराचेंच. लोखंडी नळ्या स्पिरिटनें धुऊन, फुंकून कोरड्या केल्या. सिलिंडरच्या आंतून उस्ताद नख फिरवून पाहत. कोठें खड्डा लागला तर ते तो सिलिंडर बाजूस टाकीत, कारण खड्डा पडलेल्या सिलिंडरमध्यें नवी वाटी महिनाभरांत झिजते. मागचा डावा सिलिंडर असाच गेला. तेल प्यालेला लायनर धुऊन पुन्हा लावण्याचा मोह मालकास होतो. तो आवरावा, आणि एका बाजूचा बदलला कीं समोरचाहि बदलावा, नाहीं तर गाडी एकीकडे ओढते. ड्रममधील धूळ उस्तादांनीं तोंडानें फुंकून उडविली. त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ छातींत गेल्यास प्राणघातक रोग होतात. जुन्या गाडीवर काम करणारानें ती ओल्या फडक्यानेंच पुसावी.

शेवटीं हवा काढणें. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावयाचा. चाकामागच्या निपलला रबरी नळी लावून तिचें दुसरें तोंड कांचेच्या बाटलींत, तेलाखालीं बुडवून ठेवावयाचें. "दाब," असें खालून ऐकूं आलें कीं मी दाबीं, "धर," म्हणतां धरून ठेवीं, ते निपल सैल करीत, बाटलींत बुडबुडे येत आणि माझा पाय हळूहळू खालीं जाई, निपल पुन्हा आवळल्यावर "सोड." आवळण्यापूर्वीं पाय सोडला तर तीच हवा परत आंत ओढली जाते. मध्येंमध्यें वरचें भांडें भरीत राहावें लागतें, आणि बाटलींत आलेलें तेल कितीहि स्वच्छ दिसलें तरी परत घालावयाचें नाहीं. बुडबुडे थांबावयास दुपार झाली. माझी मांडी इतकी भरून आली होती कीं खालीं उतरतांना मी पडलों.

घरच्या मोटारीचें तेल किंचित् उतरलेलें दिसलें तर लगेच घाबरूं नये, हेंहि येथेंच सांगून टाकतों. लायनर किंवा पॅड झिजले कीं दट्ट्या बाहेर सरकतात आणि भांड्यांतली पातळी थोडी खालीं जाते. पण एकदां भरल्यावर ती पुन्हा उतरली, तर तें तेल कोठें तरी गेलेलें आहे.

उस्तादांनीं लगेच गाडी दिली नाहीं. सीटची चौकट आणि पेडल यांच्यामध्यें एक दांडकें ठोकून त्यांनीं पेडल दाबलेल्या स्थितींत अडकविलें, आणि चारहि चाकांखालीं व मास्टर सिलिंडरखालीं जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरले. सकाळीं पुढच्या उजव्या चाकाखालच्या कागदावर चवलीएवढा डाग होता. होज पाइपच्या सांध्यांतली तांब्याची चकती जुनीच राहून गेली होती. ती बदलली, त्या चाकाची हवा पुन्हा काढली, आणि दुसऱ्या रात्रीं तेंच दांडकें, तेच कागद. मामांना त्या दिवशीं परत निघावयाचें होतें. उस्तादांनीं ऐकलें नाहीं. सकाळीं मींच कागद उचलले. पांचहि कोरडे होते. मामांनीं त्यांची घडी घालून ती सीटखालीं ठेवली, आणि पुढें गाडी विकेपर्यंत ती तेथेंच होती.